साहित्याचे अध्यापन आणि वाचकाचा अनुभव : ड्यूई, रिचर्ड्स आणि रोझेनब्लॅट यांच्या विचारांच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

महाविद्यालयीन पातळीवर साहित्य शिकवले जाते म्हणजे नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न वरवर पाहता अनावश्यक वाटतो. अभ्यासपत्रिका ठरलेली असते, पाठ्यपुस्तके नेमलेली असतात, प्राध्यापक व्याख्यान देतात, विद्यार्थी टिपणे घेतात आणि सत्राच्या अखेरीस परीक्षा होते. तथापि या क्रमात एक गोष्ट कोठेही आवश्यक ठरत नाही. ती म्हणजे विद्यार्थ्याने कविता किंवा कादंबरी स्वतः वाचणे. कवितेचा आशय व्याख्यानातून कळतो, तिची वैशिष्ट्ये मार्गदर्शिकेत क्रमवार दिलेली असतात, आणि अलीकडे तर तयार उत्तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही सहज मिळते. या सामग्रीच्या आधारे एखाद्या काव्यसंग्रहातील प्रतिमासृष्टीवर पंधरा गुणांचे समाधानकारक उत्तर तो संग्रह न उघडताही लिहिता येते.

ही स्थिती केवळ विद्यार्थ्यांच्या आळसातून निर्माण झालेली नाही. साहित्याविषयीचे ज्ञान आणि साहित्याचा अनुभव या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्याख्यानपद्धती पहिली गोष्ट पोहोचवू शकते, दुसरी पोहोचवू शकत नाही. भौतिकशास्त्राचा सिद्धांत दुसऱ्याने नीट सांगितला तर तो बऱ्याच अंशी ऐकणाऱ्याचा होतो. कवितेचा आस्वाद दुसऱ्याने कितीही समरसून सांगितला तरी तो सांगणाऱ्याचाच राहतो. साहित्याच्या अध्यापनाची मूळ अडचण ही आहे.

या अडचणीचा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन विचारवंतांनी तीन दिशांनी केला. जॉन ड्यूई यांनी तो शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातून केला, आय. ए. रिचर्ड्स यांनी वर्गातील प्रयोगातून केला आणि लुईज रोझेनब्लॅट यांनी वाचनाच्या सिद्धांतातून केला. प्रस्तुत लेखात या तिघांच्या विचारांचा परस्परसंबंध तपासून मराठीच्या वर्गाच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता आणि मर्यादा पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

येथे एका विसंगतीची नोंद करणे योग्य ठरेल. रिचर्ड्स यांचे नाव मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला अपरिचित नाही. अर्थाचे चार प्रकार, भाषेचा भावनिष्ठ उपयोग हे विषय साहित्यविचाराच्या अभ्यासपत्रिकेत येतात. परंतु रिचर्ड्स यांचा जो ग्रंथ मुळात अध्यापनाच्या एका प्रयोगाचा वृत्तान्त आहे, तो प्रयोग म्हणून न शिकवता सिद्धांत म्हणून शिकवला जातो. विद्यार्थी रिचर्ड्स यांच्यावर टीप लिहितो, पण रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून जे करून घेतले ते त्याच्याकडून कोणी करून घेत नाही.

२. ड्यूई : अनुभव आणि त्याची दिशा

जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली आणि १९०४ नंतर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा त्यांचा ग्रंथ १९१६ चा. शिक्षण ही भावी जीवनाची केवळ पूर्वतयारी नसून ती स्वतःच जीवनाची एक प्रक्रिया आहे, आणि ज्ञान हे करण्यातून व त्या करण्याचे परिणाम भोगण्यातून घडते, ही त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे. ती शालेय शिक्षणापुरती मर्यादित आहे असा समज मात्र रूढ झाला आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी ड्यूई यांना बहुधा शिक्षणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाकडे सोपवून दिले.

साहित्याच्या अध्यापकाच्या दृष्टीने ड्यूई यांचे दोन ग्रंथ अधिक महत्त्वाचे आहेत. पहिला 'आर्ट ॲज एक्सपिरियन्स' (१९३४). या ग्रंथात त्यांनी कलावस्तू आणि कलाकृती यांत भेद केला आहे. भिंतीवर टांगलेले चित्र किंवा छापलेले पुस्तक ही कलावस्तू होय. ती अनुभवात जे घडवते ती कलाकृती होय. याच ग्रंथात त्यांनी ओळखणे आणि खऱ्या अर्थाने पाहणे यांतही फरक केला आहे. वस्तूला ओळखीची खूणचिठ्ठी चिकटवताच ओळखण्याची क्रिया थांबते. पाहण्याची क्रिया तेथून पुढे सुरू होते. साहित्याच्या वर्गाला हा भेद फार नेमका लागू पडतो. 'ही निसर्गकविता आहे', 'येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे', 'ही कथा नवकथेच्या प्रवाहातील आहे' ही सारी विधाने बरोबर असू शकतात. परंतु त्या विधानांपाशी विद्यार्थी थांबला, तर त्याने कविता ओळखली एवढेच म्हणता येईल. त्याने ती पाहिली असे म्हणता येणार नाही.

दुसरा ग्रंथ 'एक्सपिरियन्स अँड एज्युकेशन' (१९३८). प्रागतिक शिक्षणाच्या नावाखाली जे काही चालले होते, त्याविषयीचे ड्यूई यांचे असमाधान यात व्यक्त झाले आहे. परंपरेला नकार देणे हे स्वतः कोणतेही तत्त्व नव्हे, अशी त्यांची भूमिका आहे. पारंपरिक शिक्षणात अनुभव नसतो असेही नाही. तेथेही विद्यार्थ्याला अनुभव येतच असतो, पण तो पुढील अनुभवाची वाट बंद करणारा असतो. एखादा विषय शिकताना त्या विषयाबरोबरच त्याच्याविषयीची आवड किंवा नावडही विद्यार्थी शिकत असतो, आणि हे आनुषंगिक शिक्षण पुष्कळदा मुख्य धड्यापेक्षा दीर्घकाळ टिकते. अनुभव शैक्षणिक आहे की नाही हे ठरवण्यासाठी ड्यूई दोन निकष देतात. एक सातत्याचा, म्हणजे आजचा अनुभव उद्याच्या अधिक समृद्ध अनुभवाची क्षमता वाढवतो काय. दुसरा आंतरक्रियेचा, म्हणजे व्यक्तीची आंतरिक स्थिती आणि बाह्य परिस्थिती यांचा मेळ साधला आहे काय.

या निकषांवर साहित्याच्या प्रचलित अध्यापनाचे मूल्यमापन कठोरच ठरते. पदवी घेऊन बाहेर पडलेला मराठीचा विद्यार्थी पुढे आपणहून कविता वाचतो काय, हा सातत्याचा निकष होय. कोणत्याही गुणपत्रिकेत त्याची नोंद होत नाही.

३. रिचर्ड्स : केंब्रिजमधील प्रयोग

आय. ए. रिचर्ड्स (१८९३–१९७९) यांनी १९२० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात केलेला प्रयोग बाह्यतः अत्यंत साधा होता. कवितांचे छापील कागद त्यांनी श्रोत्यांना वाटले. त्यांवर कवीचे नाव नव्हते, काळाचा उल्लेख नव्हता. आठवडाभरात कविता वाचून तिच्याविषयी मोकळेपणाने लिहावे आणि ती किती वेळा वाचली याचीही नोंद करावी, एवढेच सांगितले होते. लिहून आलेली टिपणे गोळा करून पुढील व्याख्यानात रिचर्ड्स कवितेबरोबरच त्या टिपणांचीही चर्चा करीत. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात तेरा कवितांवरील अशा टिपणांचे उतारे आणि त्यांचे विश्लेषण आहे.

लिहिणारे बहुतेक जण इंग्रजी साहित्याचेच विद्यार्थी होते. तरीही जे पुढे आले ते अस्वस्थ करणारे होते. जॉन डन आणि जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांच्या कविता अनेकांना मुळात कळल्याच नाहीत. उलट नावाचे वलय नाहीसे होताच लाँगफेलो यांच्यासारख्या ख्यातनाम कवीच्या रचनेलाही बहुतेकांनी झिडकारले. नाव माहीत असते तर हेच विद्यार्थी वेगळे लिहिते, हे उघड आहे. याचा अर्थ असा की त्यांची एरवीची रसिकता बऱ्याच अंशी उसनी होती.

रिचर्ड्स यांनी वाचनातील दहा अडथळे नोंदवले. कवितेचा साधा वाच्यार्थ न लागणे, शब्दांच्या नाद-लयीचे इंद्रियग्राह्य आकलन न होणे, प्रतिमांची मनःस्थ चित्रे वाचकागणिक भिन्न असणे, वैयक्तिक आठवणींनी केलेले अप्रस्तुत आक्रमण, ठरीव प्रतिसाद, भावविवशता, भावनेचा संकोच, धार्मिक वा तात्त्विक मतांची आडकाठी, तंत्राविषयीचे पूर्वग्रह आणि काव्य कसे असावे याविषयीच्या सर्वसाधारण पूर्वकल्पना, असे ते दहा अडथळे होत. या यादीतील पहिल्याच अडथळ्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. आस्वादाच्या, मूल्यमापनाच्या, वैचारिक भूमिकेच्या सर्व चर्चांपूर्वी वाच्यार्थाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सुटलेला आहे असे अध्यापक गृहीत धरीत असतो.

या प्रयोगाचे शैक्षणिक महत्त्व असे की त्याने वर्गातील माहितीच्या प्रवाहाची दिशा बदलली. व्याख्यानपद्धतीत विद्यार्थ्याची चूक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, म्हणजे ती सुधारण्याची वेळ टळल्यावर, प्रकट होते. रिचर्ड्स यांच्या पद्धतीत ती चूक हीच अध्यापनाची सामग्री होते. टिपणे अनामिक राहिल्यामुळे लिहिणाऱ्याला लाज बाळगण्याचे कारण नसते. विद्यार्थ्याच्या मनात कविता वाचताना काय घडते, हे अध्यापकाला प्रथमच दिसते.

परंतु या प्रयोगाची एक बाजू टीकेस पात्र आहे. रिचर्ड्स यांच्या दृष्टीने टिपणे ही प्रामुख्याने निदानाची साधने होती. वाचकाचा वैयक्तिक अनुभव त्यांच्या यादीत बहुतांशी अडथळा म्हणून येतो. योग्य वाचन कोणते हे अखेर अध्यापकच ठरवतो.

४. रोझेनब्लॅट : संहिता आणि कविता

१९३८ या एकाच वर्षी तीन उल्लेखनीय पुस्तके अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ड्यूई यांच्या 'एक्सपिरियन्स अँड एज्युकेशन'चा उल्लेख वर आलाच आहे. दुसरे क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांचे 'अंडरस्टँडिंग पोएट्री'. संहितेच्या सूक्ष्म वाचनाची नवसमीक्षेची शिस्त या पाठ्यपुस्तकाने महाविद्यालयीन वर्गात रुजवली. तिसरे लुईज रोझेनब्लॅट (१९०४–२००५) यांचे 'लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन'. पुढील काही दशके वर्गावर दुसऱ्या पुस्तकाचे राज्य राहिले. तिसऱ्याकडे समीक्षकांचे लक्ष वळण्यास वाचककेंद्री समीक्षेचा उदय व्हावा लागला.

रोझेनब्लॅट यांच्या विचारावर ड्यूई यांचा प्रभाव स्पष्ट आहे. ड्यूई यांनी आर्थर बेंटली यांच्यासह १९४९ मध्ये लिहिलेल्या 'नोइंग अँड द नोन' या ग्रंथातील संव्यवहाराची कल्पना त्यांनी पुढे वाचनाला लावली. आंतरक्रियेत दोन स्वतंत्र वस्तू एकमेकींवर परिणाम करतात. संव्यवहारात दोन्ही घटकांचे स्वरूप त्या प्रसंगातच निश्चित होते. पानावरील खुणा ही संहिता, आणि विशिष्ट वाचक विशिष्ट वेळी त्या संहितेतून जे घडवतो ती कविता, असा भेद त्यांनी 'द रीडर, द टेक्स्ट, द पोएम' (१९७८) या ग्रंथात विस्ताराने मांडला. ड्यूई यांच्या कलावस्तू-कलाकृती या भेदाचा हा वाचनाच्या क्षेत्रातील विस्तार आहे.

याच ग्रंथात त्यांनी वाचनाच्या दोन भूमिका सांगितल्या आहेत. वाचून झाल्यावर काय हाती राहते याकडे लक्ष असते ते निष्पत्तिलक्ष्यी वाचन, आणि वाचत असताना काय घडते याकडे लक्ष असते ते आस्वादलक्ष्यी वाचन. मुलाने विषारी द्रव प्यायल्यावर बाटलीवरील सूचना वाचणारी आई हे पहिल्या भूमिकेचे त्यांनी दिलेले उदाहरण आहे. तिला शब्दांच्या लयीशी कर्तव्य नसते, उपाय हवा असतो. या दोन भूमिका संहितेच्या नसून वाचकाच्या आहेत. कोणतीही कविता निष्पत्तिलक्ष्यी पद्धतीने वाचता येते. परीक्षेसाठी ती तशीच वाचली जाते. कवितेतून पाच वैशिष्ट्ये काढून घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची भूमिका त्या आईच्या भूमिकेहून तत्त्वतः वेगळी नाही. फरक एवढाच की आईची ती निकड खरी असते.

वाचकाला असे केंद्रस्थान दिले की कोणताही अर्थ चालेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रोझेनब्लॅट यांना तो मान्य नव्हता. वाचकाने लावलेला अर्थ संहितेतील कोणत्याही घटकाशी विसंगत असू नये, आणि ज्याला संहितेत शाब्दिक आधार नाही असे काहीही तिच्यावर लादलेले असू नये, असे दोन निकष त्या देतात. म्हणजे वाचकाचा प्रतिसाद हा अध्यापनाचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे. तो प्रतिसाद घेऊन विद्यार्थ्याला पुन्हा संहितेकडे पाठवणे हे अध्यापकाचे काम आहे.

५. रसविघ्नांचा संदर्भ

वाचनातील अडथळ्यांचा विचार भारतीय काव्यशास्त्राला नवा नाही. नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली आहेत. दाखवलेली गोष्ट संभवनीयच न वाटणे, ती माझी किंवा अमक्याची असे मानून स्थळकाळाच्या विशेषांत गुंतून पडणे, स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे, प्रतीतीच्या साधनांची विकलता, स्फुटतेचा अभाव, प्रधान गोष्टीला प्राधान्य न मिळणे आणि संशय, अशी ती सात विघ्ने होत. 'निजसुखादिविवशीभाव' आणि रिचर्ड्स यांनी सांगितलेले वैयक्तिक आठवणींचे आक्रमण यांतील साम्य सहज जाणवते. वाच्यार्थ न लागणे हे प्रतीतीच्या साधनांच्या विकलतेजवळ जाते.

हे साम्य ताणणे मात्र उचित नाही. अभिनवगुप्ताचे विवेचन नाट्यप्रयोगाच्या संदर्भात, एका तत्त्वज्ञानाच्या चौकटीत झाले आहे. रिचर्ड्स यांची यादी लेखी टिपणांच्या निरीक्षणातून आली आहे. तरीही अध्यापकाच्या दृष्टीने अभिनवगुप्ताकडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक अशी की त्याच्या मते प्रत्येक विघ्नावर नाट्यात उपाय योजलेला असतो. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखातून बाहेर यावा म्हणून संगीतादी योजना असते, आणि प्रतीती स्पष्ट व्हावी म्हणून अभिनय असतो. रस कोणी प्रेक्षकाला देत नाही, विघ्ने दूर केली जातात. हीच भूमिका साहित्याच्या अध्यापकाची असावयास हवी. आस्वाद पुरवणे त्याच्या हाती नाही, अडथळे दूर करणे आहे. दुसरी गोष्ट अशी की सहृदयतेचे विवेचन करताना अभिनवगुप्त काव्याच्या सततच्या अनुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाचा उल्लेख करतो. सहृदयता अभ्यासाने संपादन करता येते असे यातून सूचित होते. ज्यांच्या घरात पुस्तके नव्हती अशा विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या अध्यापकाला या सूचनेचे मोल अधिक आहे.

मात्र येथे एक तणावही आहे. अभिनवगुप्ताच्या मते रसास्वादासाठी 'मी' आणि 'माझे' गळून पडले पाहिजे. रोझेनब्लॅट यांच्या मते वाचकाचे विशिष्ट जीवन हेच संहितेत शिरण्याचे दार आहे. दलित साहित्यविचाराने तर साधारणीकरणाच्या आड कोणाचे विशेष अनुभव पुसले जातात, हा प्रश्न थेट उपस्थित केला. शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) हे ग्रंथ याच वादाच्या संदर्भात वाचावे लागतात. वर्गात हा वाद सिद्धांत म्हणून सोडवण्याची आवश्यकता नाही. विद्यार्थी स्वतःच्या जीवनातून कवितेत शिरतो आणि कवितेच्या आधारे त्या जीवनाकडे काही अंतरावरून पाहू शकतो, एवढा क्रम साधला तरी पुरेसे आहे. शिरण्यापूर्वीच 'मी' दाराबाहेर ठेवावयास सांगितले तर आत कोणीच जात नाही.

६. मराठी वर्गाच्या संदर्भातील मर्यादा

रिचर्ड्स यांची पद्धती मराठीच्या वर्गात जशीच्या तशी वापरता येणार नाही. पहिली अडचण कवीचे नाव झाकण्याची. संतांच्या अभंगात कवीची नाममुद्रा हा रचनेचाच भाग असतो. 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' हे शब्द काढले तर केवळ नाव जात नाही. अभंगाचा समारोप, त्यातील वक्त्याचा अधिकार आणि कित्येकदा पूर्वीच्या चरणांना मिळणारी कलाटणीही जाते. याउलट जात्यावरच्या ओवीला कवीचे नाव मुळातच नाही. तेथे अनामिकता ही प्रयोगाची अट नसून वाङ्मयप्रकाराचे स्वरूप आहे. दलित आत्मकथनाच्या बाबतीत कोण बोलत आहे हे झाकणे म्हणजे संहितेच्या अर्थालाच हात लावणे होय. तात्पर्य, नाव केव्हा झाकावे आणि केव्हा झाकू नये, हा निर्णयही वाङ्मयप्रकाराच्या ज्ञानावर अवलंबून आहे.

दुसरी बाब वाच्यार्थाची. केंब्रिजमध्ये वाच्यार्थाचा निर्णय अध्यापकाच्या हाती होता. मराठीच्या वर्गात तो नेहमीच तसा नसतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांतील शेतीच्या कामांचे आणि घरकामाचे कित्येक शब्द प्रमाण मराठीत वाढलेल्या अध्यापकाला कोशातून शोधावे लागतात. जळगावकडील शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थिनीला ते आजीच्या तोंडून ठाऊक असतात. नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) मधील मुंबईच्या एका वस्तीची बोली हेही असेच उदाहरण आहे. अशा प्रसंगी वर्गातील ज्ञानाची उतरंड काही काळ उलटी होते. हा योगायोग म्हणून सोडून न देता अध्यापनाची योजना म्हणून वापरता येतो. आपली बोली ही सुधारण्याची चूक नसून अर्थाची किल्ली आहे, हे आनुषंगिक शिक्षण त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत संपूर्ण पाठापेक्षा मोलाचे ठरू शकते.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. व्याख्यान पूर्णतः टाकून देणे हे पुरोगामी पाऊल वाटले तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी वाचनाची परंपरा आहे तो मुक्त चर्चेत सहज बोलतो. पहिल्या पिढीचा विद्यार्थी गप्प बसतो आणि चर्चेतून वगळला जातो. स्पष्ट, सुसूत्र व्याख्यान हे त्याच्यासाठी अनेकदा एकमेव साधन असते. म्हणून प्रश्न व्याख्यान की चर्चा असा नाही. व्याख्यान केव्हा, असा आहे. विद्यार्थ्याने काही वाचून, काही लिहून झाल्यानंतर येणारे व्याख्यान त्याच्या प्रश्नांना उत्तर देते. त्यापूर्वी येणारे व्याख्यान प्रश्न उद्भवण्याचीच सोय ठेवत नाही.

महाराष्ट्रात या विचाराला एक ऐतिहासिक आधारही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ड्यूई तेथे अध्यापन करीत होते. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये बाबासाहेबांनी त्यांचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने केला आहे. लोकशाही ही केवळ शासनाची पद्धत नसून परस्परांशी जोडलेल्या जगण्याची आणि अनुभवाच्या देवाणघेवाणीची पद्धत आहे, हा ड्यूई यांच्या १९१६ च्या ग्रंथातील विचार त्या भाषणात जातिव्यवस्थेच्या चिकित्सेचे शस्त्र झाला. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. दलित साहित्याच्या चळवळीत मिलिंदच्या परिसराचा वाटा मोठा आहे. शिकणाऱ्याच्या अनुभवाला वर्गात स्थान मिळणे हा केवळ अध्यापनतंत्राचा प्रश्न नाही. ज्यांचा अनुभव साहित्यात आणि वर्गात दीर्घकाळ अनुल्लेखित राहिला, त्यांच्या बाबतीत तो न्यायाचा प्रश्न आहे.

७. एक संभाव्य आकृतिबंध

वरील विवेचनाच्या आधारे पदव्युत्तर वर्गासाठी कवितेच्या अध्यापनाचा एक साधा क्रम सुचवता येईल. त्यासाठी वेगळी सामग्री किंवा निधी लागत नाही.

प्रथम, नेमलेल्या कवीची एक कविता, शक्य व उचित असेल तेथे नावाशिवाय, आठवडाभर आधी द्यावी. विद्यार्थ्याने ती किमान तीनदा वाचून एक पानभर टिपण लिहावे. त्यात न कळलेले शब्द व ओळी, वाचताना मनात आलेल्या गोष्टी आणि कवितेत कोठे थांबावेसे वाटले याची नोंद असावी. टिपणावर नाव नसावे. त्यामुळे बोलण्यास कचरणारा विद्यार्थीही वर्गात उपस्थित होतो.

दुसऱ्या टप्प्यात अध्यापकाने टिपणांची वर्गवारी करावी. वाच्यार्थाच्या अडचणी, ठरीव प्रतिसाद, वैयक्तिक आठवणी आणि संहितेला धरून केलेली निरीक्षणे असे चार गट प्रारंभी पुरेत. निवडक टिपणे वर्गात वाचून प्रत्येक वेळी 'हे कवितेत कोठे आहे?' हा एकच प्रश्न विचारावा. रोझेनब्लॅट यांचे दोन्ही निकष या एका प्रश्नात सामावतात. आईवरील कवितेविषयी बहुतेकांनी वात्सल्य आणि त्याग हेच शब्द लिहिले असतील, आणि कवितेत मात्र आईच्या संतापाचे चित्र असेल, तर ठरीव प्रतिसाद म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्येपेक्षा स्पष्टपणे कळते.

तिसऱ्या टप्प्यात व्याख्यान यावे. कवीचा काळ, त्याची इतर कविता, परंपरेतील स्थान आणि समीक्षकांची मते ही सारी माहिती आता पूर्वीसारखी उपरी राहत नाही. ती टिपणांतील प्रश्नांना जोडली जाते. अखेरीस विद्यार्थ्याने आपले पहिले टिपण समोर ठेवून दुसरे लिहावे. दोन टिपणांतील अंतर हा त्या पाठाचा खरा निष्कर्ष होय.

या क्रमाच्या अडचणी उघड आहेत. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या पदवी वर्गात दर आठवड्याला टिपणे वाचणे एका अध्यापकाला अशक्य आहे. सत्रातून दोन किंवा तीन कवितांपुरता हा प्रयोग केला आणि दरवेळी पंधरा-वीसच टिपणे चर्चेस घेतली, तरी उद्देश साध्य होऊ शकतो. दुसरी अडचण परीक्षेची. प्रश्नपत्रिकेतील सर्व प्रश्न जोवर नेमलेल्या कवितांवरचे आणि अपेक्षित स्वरूपाचे राहतील, तोवर विद्यार्थी तयार उत्तरांकडे वळणार, आणि त्याला दोष देता येणार नाही. एक न नेमलेली छोटी कविता देऊन तिचे वाचन लिहावयास सांगणारा एक प्रश्न अनिवार्य केला, तर मार्गदर्शिका त्या प्रश्नापुरती निरुपयोगी होते. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आज महाविद्यालयांच्या हाती आहेत. त्यांचा असा उपयोग करण्यास नियमांची अडचण बहुधा येणार नाही. अडचण आली तर ती सवयीची येईल.

८. समारोप

ड्यूई यांनी अनुभवाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले आणि प्रत्येक अनुभव शैक्षणिक नसतो हेही बजावले. रिचर्ड्स यांनी वाचनाची क्रिया वर्गात दृश्यमान केली, पण निर्णयाचा अधिकार अध्यापकाकडे ठेवला. रोझेनब्लॅट यांनी तो अधिकार वाचक आणि संहिता यांच्यात वाटून दिला आणि दोघांवरही बंधन घातले. या तीन भूमिका एकमेकींची उणीव भरून काढतात. पहिलीतून प्रयोजन मिळते, दुसरीतून साधन आणि तिसरीतून मर्यादा.

अपारंपरिक अध्यापन म्हणजे वर्गातील बाकांची मांडणी बदलणे किंवा फळ्याच्या जागी पडदा आणणे नव्हे. त्या पडद्यावर मार्गदर्शिकेतील मुद्देच दाखवले गेले तर पद्धती जुनीच राहते. उलट खडू-फळ्याच्या वर्गातही विद्यार्थ्याने प्रथम स्वतः वाचले आणि अध्यापकाने प्रथम विद्यार्थ्याचे ऐकले, तर ती पद्धती नवी ठरते. साहित्याच्या अध्यापकाला याची किंमत मोजावी लागते. तयार व्याख्यानाच्या सुरक्षिततेतून बाहेर येऊन, विद्यार्थ्याच्या टिपणातील अनपेक्षित वाक्यासमोर क्षणभर निरुत्तर होण्याची तयारी ठेवावी लागते. असा निरुत्तर झालेला अध्यापक पुन्हा कवितेकडे वळतो, आणि त्याच्याबरोबर वर्गही वळतो. मराठीच्या वर्गातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पदवीनंतरही पुस्तक राहील की नाही, हे अशा तासांवर अवलंबून आहे.